बेचाळीस पानांची नक्कल

४ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ७.२०

सहाला उठायचं ठरवलं होतं. गजर वाजला नाही. वाजला असल्यास तो मीच बंद केल्याचा पुरावा नाही.

गेल्या आठवड्यात ग्रंथपालबाईंनी लग्नाला होकार दिला. मी बारा मिनिटं बोललो. त्या वेळात त्या परत आलेल्या पुस्तकांवर शिक्के मारत होत्या. शेवटचा शिक्का मारून म्हणाल्या, बरं. मी विचारलं, बरं म्हणजे? म्हणाल्या, बरं म्हणजे बरं, आता कागदाचं बघा.

कागद म्हणजे माझ्या घटस्फोटाचा हुकूमनामा. विवाह नोंदणी कार्यालयाला त्याची कोर्टाच्या सही-शिक्क्याची नक्कल लागते. तारीख मिळाली आहे १६ ऑक्टोबर. त्यापुढची थेट नोव्हेंबरात. आणि १ नोव्हेंबरला बाईंची दुसऱ्या गावच्या ग्रंथालयात बदली. लग्न झालेलं असेल तर दोन खोल्यांचं क्वार्टर, नसेल तर वसतिगृहात एक खोली आणि एक कॉट. थोडक्यात, १६ तारखेला नक्कल हातात असली की आम्ही दोघं क्वार्टरमध्ये. नसली तर त्या वसतिगृहात आणि मी इथंच.

सहा आठवडे आहेत. मला सहा दिवस पुरतील. तीस वर्षं पाठ्यपुस्तकांचा मुद्रितशोधक म्हणून लोकांच्या चुका पकडतोय. एक कोर्ट काय जड आहे.

शिवाय एक गुप्त बेत. हुकूमनाम्यासोबत माझी कैफियतही काढायची. अकरा वर्षांपूर्वी वकिलाने माझं लेखी म्हणणं अडीच पानांत गुंडाळलं होतं. भाषा अशी की वाचवेना. मग मी स्वतः बसलो. उपोद्घात, सात प्रकरणं, परिशिष्ट. बेचाळीस पानं. पूर्वपत्नीचा एकेक मुद्दा घेऊन त्याचा चुराडा केला होता. तपशील आठवत नाहीत, चुराडा आठवतो. माझ्याकडे प्रत उरली नाही. त्यानंतर मी इतकं चांगलं काही लिहिलेलं नाही.

ग्रंथपालबाईंनी जगातलं सगळं वाचलंय, हेच तेवढं नाही.

५ सप्टेंबर, मंगळवार

कोर्टात जाणार होतो. इस्त्रीचा शर्ट सापडला नाही. न्यायासनासमोर चुरगळलेला माणूस नको.

६ सप्टेंबर, बुधवार

शर्ट सापडला. इस्त्री सापडली नाही.

८ सप्टेंबर, शुक्रवार. दुपारी ३.००

गेलो. इमारत तीन मजली, जिने चार, आणि चारही दुसऱ्याच मजल्यावर संपतात. चौकशीच्या खिडकीत चौकशीच्या वेळा लिहिलेल्या होत्या, चौकशीवाला नव्हता. नक्कल विभाग तळमजल्यावर मागच्या बाजूला. लांबट खोली, कपाटांच्या वरसुद्धा गठ्ठे, खिडकीच्या गजाला वाळत घातलेला हातरुमाल. टेबलामागे एक बाई. यांना यापुढे नक्कलबाई म्हणेन.

मी प्रकरणाची पार्श्वभूमी सांगायला सुरुवात केली. नक्कलबाईंनी हात वर केला. म्हणाल्या, काका, नंबर सांगा. दाव्याचा नंबर आणि साल. सालाबद्दल माझी दोन मतं होती, ती मी दोन्ही मांडली. नंबर नव्हता. म्हणाल्या, नंबर नाही तर काही नाही, वकिलाला विचारा.

तशा सौजन्यशील. फक्त काका म्हणाल्या तेवढं खटकलं. वयाने माझ्या आसपासच्या असतील.

१० सप्टेंबर, रविवार

धाकट्या बहिणीचा फोन. लग्नाची बातमी ऐकून तिला फार आनंद झाला, असं तीच म्हणाली. मग म्हणाली, दादा, नंबर कशाला शोधत फिरतोस, वहिनीला विचार की. तिच्याकडं विजेची बिलंसुद्धा लग्नापासूनची आहेत.

अकरा वर्षं झाली तरी ही पूर्वपत्नीला वहिनी म्हणते. मी ते लक्षात आणून दिलं. म्हणाली, मग काय डॉक्टर म्हणू? (पूर्वपत्नी दातांची डॉक्टर. माझी अक्कलदाढ तिनेच काढली होती. त्यावर बहीण अजून विनोद करते.)

मी ठामपणे सांगितलं की घटस्फोट मी दिला, तेव्हा त्याची कागदपत्रंही मीच मिळवणार. बहीण म्हणाली, कुणी दिला? मी म्हटलं, मी. ती म्हणाली, बरं दादा, गॅसवर दूध आहे. आणि फोन ठेवला. तिच्याकडे मी फोन केला की नेहमी दूध असतं. आज फोन तिने केला होता, तरी होतं.

१३ सप्टेंबर, बुधवार

वकिलाला गाठलं. वकिली सोडून त्याने रोपवाटिका काढली आहे. मातीचे हात तसेच ठेवून म्हणाला, या या, तुम्ही ते बेचाळीस पानवाले. पाहा, लक्षात आहे. माणूस विसरतो, वाङ्मय राहतं.

जुन्या फायली मागितल्या. त्याने एका खड्ड्याकडे बोट दाखवलं. म्हणे कागद चांगला कुजतो, गुलाबाला मानवतो. माझी फाइल नक्की कुठल्या वाफ्यात गेली ते त्याला सांगता येईना. एक कुंडी घ्यायला लावली. ती घेऊन घरी आलो.

ग्रंथपालबाईंना सांगितलं. त्यांनी आधी कुंडीला पाणी घातलं. मग म्हणाल्या, मी जाऊ का कोर्टात? शोधणं हेच माझं काम आहे, दोन पानांचा तर हुकूमनामा. मी नाही म्हणालो. स्वतःच्या मुक्तीचा दाखला माणसाने स्वतःच आणायचा असतो. म्हणाल्या, आणा मग.

१८ सप्टेंबर, सोमवार. दुपारी १.३०

चार दिवस विचार केला. विचाराला कृतीची जोड देण्यासाठी आज पुन्हा गेलो.

नक्कलबाई म्हणाल्या, काका, नंबर नसेल तर सूचीचं रजिस्टर बघा, नावावरून मिळेल. इथं बसा, तीन साल काढून देते. तीन जाडजूड रजिस्टरं, कडा कुरतडलेल्या. दावा आणणारा तो अर्जदार, ज्याच्यावर आणला तो जाबदार. सूची अर्जदारांच्या आडनावांवरून.

माझ्या आडनावाचं पान काढलं आणि जागच्या जागी हादरलो. पानावर अकरा चुका. एकाच माणसाचं आडनाव तीन ओळींत तीन प्रकारे. ‘विरुद्ध’ हा शब्द, जो कोर्टात दिवसाला शंभरदा लिहीत असतील, तो दर ओळीत वेगळा. खिशात पेन्सिल होतीच. हात आपोआप चालू लागला. समासात खुणा केल्या, अगदी फिकट. दुसरं पान. तिसरं. ‘मयत’ या शब्दाच्या शेजारी प्रश्नचिन्ह टाकलं, कारण तारखांवरून तो माणूस मरणानंतर दोन वर्षांनी हजर राहिला होता.

सतराव्या पानावर नक्कलबाईंची सावली पडली. त्यांनी समासातल्या खुणांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, हे काय आहे? मी म्हटलं, पहिलं वाचन. म्हणाल्या, हे सरकारी रजिस्टर आहे. मी म्हटलं, म्हणून तर. त्यांनी ते माझ्या हाताखालून ओढून घेतलं.

लेखी खुलासा दिल्याशिवाय आत पाऊल ठेवायचं नाही, असा आदेश.

१९ सप्टेंबर, मंगळवार

खुलासा लिहायला घेतला.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

खुलासा पूर्ण. नऊ पानं. लेखनशुद्धीचा इतिहास थोडक्यात घेतला आहे.

२५ सप्टेंबर, सोमवार. रात्री ९.००

नक्कलबाईंनी खुलाशाचं पहिलं पान वाचलं, शेवटचं पान उलटून सही आहे का ते पाहिलं आणि फाइलला लावला. मधल्या सात पानांवर त्यांचा पूर्ण विश्वास दिसला. पेन्सिल काढून ठेवायला सांगितली. ठेवली.

माझ्या आडनावाखाली तीनही साली दावा नाही. मी म्हटलं, तुमच्याकडून नोंद राहिलेली दिसते. त्या म्हणाल्या, बाईंचं माहेरचं आडनाव सांगा. मी हसून सांगितलं. त्यांनी पान काढलं, बोट एका ओळीवर ठेवलं. वेळ लागला साधारण चहाचा एक घोट घेण्याइतका.

अर्जदार, ती. जाबदार, मी.

मी म्हटलं, हा केवळ तांत्रिक भाग असणार. तिला कोर्ट जवळ पडायचं, म्हणून तिने आधी येऊन नोंदवलं असेल. नक्कलबाई म्हणाल्या, काका, तुम्ही कैफियत दिली होती म्हणता ना? कैफियत जाबदारच देतो. अर्जदार कशाला देईल, तो तर तक्रार घेऊन आलेला असतो.

हे मला ठाऊक होतंच. फक्त त्या दोन गोष्टी अकरा वर्षांत कधी एका खोलीत आल्या नव्हत्या.

संध्याकाळी बहिणीला फोन केला. बाकी काही बोललो नाही, नंबर मिळाला एवढंच. ती म्हणाली, कुणाच्या नावाखाली? मी म्हटलं, माझ्याकडे गॅसवर दूध आहे.

२७ सप्टेंबर, बुधवार. दुपारी २.१५

आज अर्ज भरला. अर्जात एक रकाना आहे: ‘कोणत्या कागदाची नक्कल हवी’. त्याला एकच ओळ दिलेली. मी लिहिलं: जाबदाराची लेखी कैफियत, उपोद्घात व परिशिष्टासह संपूर्ण. ओळ भरली. समासात लिहायला गेलो तर नक्कलबाईंनी माझ्या हाताकडे असं पाहिलं की समास मोकळाच सोडला.

हुकूमनाम्याचा वेगळा उल्लेख करायला जागा उरली नाही. पण तो सोबत येणारच. जे बेचाळीस पानं देतील ते शेवटची दोन पानं कशाला मागे ठेवतील? पुस्तक मागितल्यावर मलपृष्ठ वेगळं मागावं लागत नाही.

नक्कलबाईंनी अर्ज वाचून विचारलं, एवढंच ना? मी म्हटलं, एवढंच म्हणू नका, वाचाल तेव्हा कळेल. त्या म्हणाल्या, हुकूमनामा चार दिवसांत मिळतो, याला मात्र पंधरा दिवस. गठ्ठा रेकॉर्ड रूममधून यायचा, नक्कल व्हायची, मग रुजुवात. रुजुवात म्हणजे एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने नकलेवरून नजर फिरवायची, शब्दन् शब्द जुळतो का ते पाहायला. ऊर भरून आला. अकरा वर्षांनी कैफियतीचं जाहीर वाचन होणार.

हुकूमनाम्याबद्दल त्या आपणहून बोलल्या, याचा अर्थ त्यांच्या लक्षात आहे.

१ ऑक्टोबर, रविवार

ग्रंथपालबाई आल्या होत्या. खोकी बांधतायत. विचारलं, मिळाला का? मी म्हटलं, प्रक्रियेत आहे. म्हणाल्या, कोणत्या? मी म्हटलं, रुजुवातीच्या, पंधरा दिवस लागतात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, दोन पानांची रुजुवात पंधरा दिवस? मी गूढ हसलो.

त्या म्हणाल्या, मी क्वार्टरचा अर्ज दोघांच्या नावाने केलाय. आजवर कुठलाच अर्ज मी असा केला नव्हता. मग पुन्हा खोक्याला सुतळी बांधू लागल्या. मी गाठीबद्दल एक सूचना केली. ती त्यांनी घेतली नाही.

संकल्प: लग्नानंतर सूचना दिवसाला तीनच.

५ ऑक्टोबर, गुरुवार. दुपारी १२.३०

नक्कल विभागात डोकावलो. वातावरण बदललेलं. नक्कलबाई उठून उभ्या राहिल्या. खुर्ची दिली, तीही पंख्याखालची. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ, जे आजवर माझ्या दिशेने फक्त खोकत असत, त्यांनी पाणी आणून दिलं.

काल रुजुवात सुरू झाली म्हणे. सोळा पानं झाली. नक्कलबाई वाचतात, गृहस्थ जुळवतात. मी विचारलं, कशी वाटली? नक्कलबाई म्हणाल्या, काका, काय सांगू, काल आठव्या पानाला आम्ही थांबलो. पुढं वाचवेना. गृहस्थ म्हणाले, मी घरी गेल्यावर मिसेसला सांगितलं, ती पण लाटणं ठेवून बसली.

आठवं पान म्हणजे बहुधा तिसरं प्रकरण. तिथे शैली टोकाला गेली होती, एवढं आठवतं.

निघताना नक्कलबाईंनी हळू आवाजात विचारलं, त्या बाई आता कशा आहेत? मी म्हटलं, उत्तम, दवाखाना जोरात आहे. म्हणाल्या, असू दे, असू दे, तुम्ही जपा. वाङ्मयाचा असा परिणाम मी पाठ्यपुस्तकांत कधी पाहिला नाही.

९ ऑक्टोबर, सोमवार

अठ्ठावीस पानं झाली. नक्कलबाईंनी मला त्यांच्या डब्यातलं दिलं. मी नको म्हणालो तर म्हणाल्या, घरी कोण करतं तुमचं? मी म्हटलं, सोळा तारखेला माझं लग्न आहे. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. गृहस्थ म्हणाले, त्यांच्याशीच? मी म्हटलं, छे, दुसऱ्या. गृहस्थांचा चेहरा पडला.

काही वाचक पात्रांत फार गुंततात.

१२ ऑक्टोबर, गुरुवार. दुपारी ४.००

विजय.

नक्कल मिळाली. जाड पाकीट, तोंडाला लाखेचा शिक्का. वजनावरून सगळं आत आहे. चार दिवस हातात राखून काम फत्ते. सप्टेंबरात मी सहा दिवस म्हणालो होतो. तत्त्वतः पाहिलं तर, आजचा न धरता, प्रत्यक्ष कोर्टात घालवलेले दिवस तेवढेच भरतील.

पाकीट उघडणार नाही. सोळा तारखेला नोंदणी कार्यालयात ग्रंथपालबाईंच्या देखत उघडेन.

फोन करून सांगितलं. म्हणाल्या, बघितलंत ना नीट? मी म्हटलं, तीस वर्षं मी बघण्याचंच काम करतो.

१६ ऑक्टोबर, सोमवार. दुपारी ३.३०

क्रमाने लिहितो.

अकराला पोचलो. ग्रंथपालबाई आधीच बाकावर बसल्या होत्या. निळी साडी, मांडीवर फाइल, फाइलमध्ये त्यांचे सगळे कागद टाचण्या लावून. साक्षीदार म्हणून बहीण आणि मेहुणे. नाव पुकारलं. मी पाकीट टेबलावर ठेवलं आणि शिक्का फोडला.

नोंदणी क्लार्क तरुण, घाईतला. पानं चाळू लागला. चाळत राहिला. मग पाकीट उलटं करून झटकलं. म्हणाला, हुकूमनामा कुठाय? मी म्हटलं, शेवटी पाहा. शेवटी परिशिष्ट होतं. तो म्हणाला, साहेब, ही कैफियत आहे. यात तुमचा घटस्फोट झालेला नाही. यात तर तुम्ही तो करू नका म्हणताय.

मी म्हटलं, शक्यच नाही. त्याने पान वळवून माझ्यापुढे धरलं. वाक्यं माझीच.

ग्रंथपालबाईंनी हात पुढे करून गठ्ठा घेतला आणि बाकावर जाऊन बसल्या. क्लार्क म्हणाला, पुढची तारीख सात नोव्हेंबर, नाहीतर आज एकपर्यंत हुकूमनामा आणा. बहीण म्हणाली, दादा, पळ. मी पळालो. नक्कलबाईंनी नवा अर्ज पुढे केला, स्वतःच भरला आणि म्हणाल्या, किती घाई केली तरी परवा. मी त्यांना विचारलं की तुम्ही मला सांगितलं का नाही. म्हणाल्या, काका, मी विचारलं होतं, एवढंच ना.

परत आलो तर ग्रंथपालबाई चौतिसाव्या पानावर होत्या. बहीण त्यांच्या खांद्यावरून वाचत होती. मेहुणे खिडकीतून बाहेर पाहत होते, त्यांना असल्या वेळी खिडकी लागतेच. मीही मागे उभं राहून वाचलं.

चुराडा कुठेच नाही. पहिल्या प्रकरणात ती गेली तर घर कसं दिसेल, याचं खोलीवार वर्णन. दुसऱ्यात तिने काढलेल्या माझ्या अक्कलदाढेबद्दल कृतज्ञता. तिसऱ्यात, म्हणजे आठव्या पानावर, ती दवाखान्यातून परत येते तेव्हा जिन्यातल्या तिच्या पावलांच्या आवाजावर दीड पान. पुढे संकल्प. सहाला उठेन. सूचना कमी करीन. सातव्यात सरळ विनवणी. परिशिष्टात विनवणीची संक्षिप्त आवृत्ती. हे मी अकरा वर्षं शस्त्र म्हणून मिरवत होतो.

बाईंनी शेवटचं पान वाचून गठ्ठा नीट जुळवला, कडा ठोकून सरळ केल्या. म्हणाल्या, छान लिहिलंय. मग म्हणाल्या, मला अशी चार पानंसुद्धा नकोत. पण एक विचारते, याला त्यांनी उत्तर काय दिलं? मी म्हटलं, काही नाही. म्हणाल्या, वाचली होती का? मी म्हटलं, ठाऊक नाही. म्हणाल्या, अकरा वर्षांत विचारलं नाहीत?

त्या गेल्या. फाइल घेऊन, रिक्षाने. माझ्यावर चिडल्या नव्हत्या. तेच जास्त अवघड गेलं.

१७ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी १०.१०

पूर्वपत्नीला फोन केला. अर्धा तास तयारी करून. मुद्दे काढले होते.

पहिल्या मुद्द्याआधीच ती म्हणाली, अक्कलदाढेच्या जागी दुखतंय का? मी म्हटलं, नाही. कैफियतीबद्दल विचारायचंय. ती म्हणाली, कोणत्या, त्या जाड्या? वाचली होती की. दोनदा. दुसऱ्यांदा तर रडले पण.

मी विचारलं, मग? ती म्हणाली, मग काय, बेचाळीस पानं शोधली रे, माझ्याशिवाय घर कसं होईल हे सगळं आहे, मी का जातेय हे एकदाही विचारलेलं नाहीस. एक वाक्य पुरलं असतं. प्रश्नचिन्हासकट.

मी म्हटलं, आता विचारू? ती म्हणाली, आता पेशंट आहे खुर्चीत, तोंड उघडं ठेवून. मग म्हणाली, ती ग्रंथपाल चांगली आहे असं तुझी बहीण सांगते. तिला विचार काहीतरी. आणि डाव्या बाजूने चावत जा.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

हुकूमनामा आणायला कोर्टात गेलो. नक्कलबाई म्हणाल्या, काल एक बाई येऊन घेऊन गेल्या. निळी साडी, तुमचं अधिकारपत्र नव्हतं, पण प्रतिज्ञापत्र टाइप करून आणलं होतं, टाचणीसकट. नक्कल नेण्याचा अर्ज असा भरला की आम्हाला बघत राहावंसं वाटलं. एकच ओळ लिहिली आणि तीत मावली.

गृहस्थांनी विचारलं, याच का त्या दुसऱ्या? मी हो म्हटलं. म्हणाले, या पण बऱ्या आहेत.

बाईंना फोन केला. उचलला नाही. निरोप आला: खोकी गेली. क्वार्टर दुसऱ्या जोडप्याला मिळालं. रविवारी, पाच नोव्हेंबरला वसतिगृहावर आलात तर मी आहे. लिहिलेलं काही आणू नका.

३ नोव्हेंबर, शुक्रवार

त्यांना विचारायचे प्रश्न काढले. एकोणीस. लिहिलेलं आणायचं नसल्याने पाठ करतोय. नऊ होतात, दहावा म्हटला की तिसरा जातो.

५ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी ७.००, परतीच्या गाडीत

वसतिगृहाची खोली दुसऱ्या मजल्यावर. एक कॉट, एक टेबल, एक खुर्ची, भिंतीला लागून खोकी. मी आलो म्हणून त्या कॉटवर बसल्या, खुर्ची मला दिली.

हुकूमनामा टेबलाच्या खणात होता. काढून दाखवला. दोन पानं. वरच्या कोपऱ्यात त्यांनी घातलेला, ग्रंथालयाच्या पुस्तकांवर असतो तसा दाखल क्रमांक. मी पाकिटात घालायला गेलो तर म्हणाल्या, नाही, हा संदर्भ विभागातला आहे, घरी नेता येत नाही. इथं बसून वाचायचा.

वाचला. बहुतेक भाग पूर्वपत्नीविषयी, तिच्या म्हणण्याविषयी, साक्षीविषयी. माझ्याबद्दल तीन वाक्यं: जाबदाराची कैफियत वाचली. ती दीर्घ आहे. तिचा अर्जदाराच्या म्हणण्याशी संबंध आढळला नाही.

दुसऱ्यांदा वाचायला घेतला तर बाई म्हणाल्या, पाठ करू नका.

मग माझ्या प्रश्नांची वेळ. पहिला आठवला नाही. सातवा आठवला, तो लांब होता. शेवटी विचारलं, इथं तुम्हाला कसं वाटतंय? हा एकोणिसांत नव्हता.

बाईंनी खुर्चीच्या पायांकडे बोट दाखवलं. म्हणाल्या, तुम्ही बसलाय ती खुर्ची डुगडुगते. आल्यापासून. रोज संध्याकाळी वाचायला बसते आणि पानागणिक डुगडुगते. इथं सांगितलं तर म्हणतात अर्ज करा. मला खूप एकटं वाटतं असं नाही, पण त्या खुर्चीने रडू येतं.

मी खुर्ची उलटी केली. सूचना करणार होतो, केली नाही. खालून हातोडी आणली. दीड तास लागला. आधी एकच पाय आखूड होता, आता दोन आहेत. बाई बघत होत्या. मधे चहा दिला, मधे एकदा खूप वेळ हसल्या, इतक्या की कॉटही हलली.

निघताना दारात म्हटलं, नोंदणीची नवी तारीख घेऊ का?

म्हणाल्या, आधी खुर्ची.